तर्कशास्त्राच्या तासाला शिट्टीबाई

सर : हे व्हॉलीबॉलचं जाळं टोकाला धरू की मधे?

बाई : टोकाला. आणि घट्ट धरा, सोडलंत तर गुंता पुन्हा पहिल्यापासून. हां. आता काय म्हणत होतात ते परत सांगा. मी, खेळाची बाई, तुमच्या तर्कशास्त्राच्या तासाला मागे बसायचं, आणि तुम्ही कसं शिकवता ते तुम्हालाच सांगायचं?

सर : अगदी बरोबर.

बाई : अंगात ताप आहे का?

सर : नाही. प्राचार्य मॅडमचा हुकूम आहे. ज्यांच्याबद्दल विद्यार्थ्यांची तक्रार आली, त्यांनी या सत्रात एका सहकाऱ्याला वर्गात बोलवायचं. आधी दोघांनी बोलायचं, मग त्यानं मागे बसून तास बघायचा, मग पुन्हा दोघांनी बसून बोलायचं. गुण नाहीत, शेरा नाही. आणि जे दिसेल ते दोघांतच राहायचं, बाहेर जायचं नाही.

बाई : तक्रार? तुमच्याबद्दल?

सर : आश्चर्याचं नाटक चांगलं करता.

बाई : नाही हो, खरंच. म्हणजे, काय तक्रार?

सर : सर प्रश्न विचारतात आणि उत्तर ऐकून घेत नाहीत. सर आम्हाला मूर्ख समजतात. सर उद्धट आहेत. आता मला सांगा, उत्तर दिलं तर ऐकून घेईन ना? वर्गात पुतळे बसवलेत नुसते. विचारा, विचारा, घसा कोरडा होईपर्यंत विचारा. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मीच विचारतो आणि मीच उत्तर देतो.

बाई : पण मीच का? अर्थशास्त्राचे सर तयार होते ना? परवाच म्हणत होते.

सर : ते ओठ न हलवता बोलतात.

बाई : ग्रंथपाल बाई?

सर : कुजबुजतात. सवय लागलीय त्यांना.

बाई : आणि मी?

सर : तुम्हाला माझ्या विषयातलं ओ की ठो कळत नाही. ज्याला विषय कळत नाही तो विषयात रमत नाही. जो विषयात रमत नाही तो शिकवण्याकडे लक्ष देतो. म्हणून तुम्ही. दोन विधानं, एक निष्कर्ष.

बाई : वा! अपमान करायचा तर तुमच्यासारखा करावा, पायरी पायरीनं.

सर : शिवाय तुमचं बोलणं स्पष्ट असतं.

बाई : माझं बोलणं मैदानापलीकडच्या घरांनाही स्पष्ट असतं, सर. त्यांची तक्रार आलीय. पोरं मला शिट्टीबाई म्हणतात ते काय उगाच? जाळं ओढू नका, फाटेल.

सर : मग येताय?

बाई : आणि नाही सुधारलं काही तर? काय करणार मॅडम? फार तर ओरडतील. तुमच्याच विद्यार्थिनी आहेत म्हणे.

सर : हो. माझ्याच वर्गात पहिल्या बाकावर बसायची. म्हणून तर तोंडावर सरळ सांगितलं मला. सुधारणा दिसली नाही तर पुढच्या सत्रापासून वर्ग त्या नव्यानं लागलेल्या प्राध्यापकाला, आणि मी परीक्षा विभागात. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधायचे, निवृत्त होईपर्यंत.

बाई : बसून काम आहे. पंखाही आहे तिथे.

सर : बाई, मला दुसरं काही येत नाही हो. आयुष्यभर हेच केलं. घरात दिवा बदलायचा झाला तर ही मला आधी बाहेर फिरायला पाठवते. वर्गात उभा राहिलो की मी कुणीतरी असतो. गठ्ठ्यांमध्ये मी कोण?

बाई : बरं बरं. डोळ्यांत पाणी नका आणू, जाळं गंजेल. येते मी.

सर : जाळं सुताचं आहे. गंजणार नाही.

बाई : बघा, म्हणूनच पोरं वैतागतात.

* * *

बाई : दार लावून घ्या आधी. गेली ना सगळी पोरं? आता बोलू.

सर : बोला. पण ठरल्याप्रमाणे आधी चांगलं काय होतं ते सांगायचं.

बाई : अक्षर सुंदर आहे. फळा बघत राहावा असा. आणि तुम्हाला मनापासून आवडतं हे सगळं, ते दिसतं. ते मांजराचं सांगताना तुम्ही असे खुललात की मला वाटलं, आता फळ्यावर चित्र काढतात की काय.

सर : पुढे?

बाई : पुढे म्हणजे, सर, मी खेळाची बाई. मला सामना बघायची सवय. तुम्ही सर्व्हिस करता झकास. पण पलीकडून बॉल आला की तुम्ही त्याच्याकडे बघतच नाही. तो येऊन जमिनीवर पडतो, आणि तुम्ही म्हणता, आला कुठे? काय खेळाडू आहेत, एक बॉल परत येत नाही! आणि पुन्हा तुमचीच सर्व्हिस.

सर : कारण आलाच नाही. कुणीही तोंड उघडलं नाही.

बाई : उघडलं.

सर : कुणी?

बाई : तुम्ही फळ्यावर लिहिलंत, ‘सर्व मांजरी दूध पितात. हा प्राणी दूध पितो. म्हणून हा प्राणी मांजर आहे.’ आणि विचारलंत, यात चूक कुठे आहे? तर खिडकीजवळच्या बाकावरची ती वेणीवाली पोरगी म्हणाली, ‘सर, दूध मीसुद्धा पिते, पण मी मांजर नाही.’

सर : असं म्हणाली?

बाई : सगळा वर्ग हसला. मला तर्कशास्त्र कळत नाही म्हणता, पण मला तेवढ्यात कळलं. आणि तुम्ही काय केलंत? डोळे वटारलेत. ‘हसायला काय झालं? उत्तर विचारलं की तोंडं शिवलेली, दात काढायला मात्र पुढे!’ बिचारीचं तोंड एवढंस्सं झालं. मग तुम्ही फळ्याकडे वळलात आणि तेच उत्तर स्वतः दिलंत. तिच्यापेक्षा लांबलचक आणि कंटाळवाणं.

सर : हे शक्य नाही.

बाई : नंतर ती आणखी एकदा बोलली. तो उंच मुलगा बोलला. मागे एकानं शंका विचारली. तुम्ही प्रत्येकाला म्हणालात, ‘कुणालाच येत नाही? कमाल आहे!’ सर, पोरं तुम्हाला काय म्हणतात माहीत आहे का?

सर : काय?

बाई : रेडिओ. एकदा लावला की बोलत राहतो, समोरचा काय म्हणतो त्याच्याशी देणंघेणं नाही.

सर : बाई, तुम्ही शेवटच्या बाकावर होतात. तिथे मुलं आपसात बोलत असतात. त्या आपसातल्या बोलण्याला तुम्ही उत्तर समजलात. पुरावा अपुरा, निष्कर्ष घाईचा. थांबा, हा फळा पुसतो. पुढच्या तासाला इथे कुणी येईल.

(सर फळा पुसू लागतात. बाई शेवटच्या बाकावर जाऊन बसतात आणि, आयुष्यात क्वचितच बोलल्या असतील अशा, चारचौघांसारख्या आवाजात बोलतात.)

बाई : सर, तुमच्या पाठीवर कुणीतरी खडूनं रेडिओ काढलाय.

सर : मूळ प्रश्न पिढीचा आहे. विचार करायची सवयच नाही यांना.

बाई : परीक्षा विभागातलं मांजर व्यालंय. बाळंतपणाला तुम्हाला बोलावलंय.

सर : सगळं आयतं हवं. उत्तरही आयतं, प्रश्नही आयता.

बाई : तुमच्या बायकोनं घर विकलं. उद्यापासून तुम्ही माझ्या खेळाच्या खोलीत राहणार, चेंडूंबरोबर.

सर : समोरच्याचं शांतपणे ऐकून घेणं, हा गुणच उरला नाही हो जगात.

बाई : सर!!

सर : काय? ओरडता कशाला? इथेच तर आहे मी.

बाई : मघापासून मी बोलतेय.

सर : कधी?

बाई : तुम्ही फळा पुसत होतात तेव्हा. घर विकलं तुमचं मी. तुमच्या पाठीमागे. सर, वळा इकडे. बघा माझ्याकडे. ऐकू येत नाही तुम्हाला. हो ना?

सर : शेजारच्या वर्गात आवाज फार होता.

बाई : शेजारच्या वर्गाला कुलूप आहे. बसा, सर. अहो बसा, माझ्यासमोर कसला आलाय मान? कधीपासून?

सर : डावा आधी गेला. मला वाटलं उजवा आहे, भागेल. मग तोही हळूहळू... जवळून बोललं तर कळतं. तोंड दिसलं तर कळतं. लांबून नुसते ओठ हलतात. आणि वर्गात तर, बाई, मुलं खाली मान घालून बोलतात. मला तेही दिसत नाही.

बाई : घरी माहीत आहे?

सर : हिला सांगितलं. ती म्हणाली, लग्न झाल्यापासून तुम्ही असेच आहात, मला काही वेगळं वाटलं नाही.

बाई : अहो, हसवू नका, रडू येतंय मला. यंत्र मिळतं की कानाचं!

सर : लावलं की दिसतं. दिसलं की लोक हळहळतात. मग मॅडम म्हणणार, सर, थकलात, आता बसा निवांत. त्यापेक्षा उद्धट म्हटलेलं बरं. उद्धट माणसाला कुणी घरी पाठवत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

बाई : झाका की तुमची मूठ. पण तिच्याखाली त्या पोरांची तोंडं दाबली जातायत, त्याचं काय? आणि मला सांगा, एवढं लपवायचं होतं तर मला वर्गात बोलावलंत कशाला? ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं?

सर : या सबंध कॉलेजात तुम्ही एकट्या बोलता ते मला सगळं ऐकू येतं. म्हणून तुम्हाला विचारलं. वाटलं, तुमच्याशी बोलावं लागलं तरी निभेल.

बाई : आयुष्यात पहिल्यांदा माझ्या आवाजाबद्दल कुणी चांगलं बोललं. सासूबाई तर मी फोन घेतला की खिडक्या लावून घेतात.

सर : मॅडमना सांगणार का तुम्ही?

बाई : दोघांत ठरलंय ना? मग दोघांतच. आणि मी कुणाला काय सांगणार? माझा गुडघा गेलाय, सर. कितीतरी दिवसांत मी एक उडी मारलेली नाही. ‘तू करून दाखव गं सगळ्यांना,’ असं म्हणते आणि बाजूला उभी राहून शिट्टी मारते. पोरींना वाटतं, बाई आम्हाला संधी देतात.

सर : अरे! मलाही तसंच वाटायचं.

बाई : बघा. तेव्हा आता नीट ऐका, म्हणजे माझ्या तोंडाकडे बघा. उद्या त्या चौथऱ्यावरून खाली उतरायचं. उंटावरून शेळ्या हाकणं बंद. बाकांमधून फिरायचं. जो बोलेल त्याच्याजवळ जाऊन उभं राहायचं. कळलं नाही तर दुसऱ्याला म्हणायचं, हा काय म्हणाला ते तू तुझ्या शब्दांत सांग. त्यानं पोरंही एकमेकांचं ऐकतील.

सर : ही चांगली पद्धत आहे. पण कोण बोललं हे मला कळणार कसं? बाकं कितीतरी आहेत.

बाई : सरळ सांगून टाकायचं पोरांना, मला कमी ऐकू येतं.

सर : ते सोडून काहीही सांगा.

बाई : हट्टी आहात हो. बरं, मी मागे उभी राहते. डावीकडून कुणी बोललं तर डावा हात. उजवीकडून बोललं तर उजवा. पंच करतात तसं. चालेल?

सर : उत्तर बरोबर की चूक, तेही हातानंच दाखवा.

बाई : मला काय कळणार बरोबर की चूक? तुम्हीच म्हणालात, ओ की ठो कळत नाही.

सर : मग नुसता हात दाखवा. एवढी मुलं बोलायला लागलीच, तर बरोबरच बोलत असतील.

* * *

प्राचार्या : दोघांनीही बसा. मी उभीच बरी, तुमच्या या खेळाच्या खोलीत खुर्चीवर बुटांचा ढीग आहे. मला फक्त एवढं सांगा, तर्कशास्त्राच्या तासाला शिट्टी का वाजली?

बाई : सवय, मॅडम.

प्राचार्या : अर्थशास्त्राचे सर तक्रार घेऊन आलेत. म्हणाले, आधी हसण्याचा गदारोळ, मग शिट्टी, मग स्मशानशांतता, आणि त्यानंतर तास संपेपर्यंत सगळा वर्ग ओरडत होता. त्यांना पुढे शिकवताच आलं नाही म्हणे.

बाई : त्यांचं शिकवणं कुणाला ऐकू जातं का तसंही?

प्राचार्या : बाई!

बाई : मॅडम, तुमचाच नियम आहे. तासात जे दिसलं ते आमच्या दोघांत. मी तोंड उघडणार नाही.

प्राचार्या : शिट्टी सबंध इमारतीला ऐकू गेली. तिचं तरी सांगता येईल ना?

बाई : एक मुलगा उभा राहिला. डावीकडचा. म्हणाला, ‘सर, बाहेर जाऊ का?’ मी आपली... म्हणजे मी डावा हात वर केला.

प्राचार्या : का?

बाई : ते दोघांतलं आहे.

प्राचार्या : मग?

बाई : मग सर त्याच्याजवळ गेले, पण तोवर तो लाजून गप्प. सर म्हणाले, ‘वा! अगदी बरोबर. बसा.’ तो बसला. थोड्या वेळानं बिचारा पुन्हा उठला, ‘सर, खरंच जायचंय.’ माझा हात पुन्हा वर गेला. हात काय करणार, पंचाचा हात आहे तो. सर म्हणाले, ‘उत्तम! आता याचाच जरा विस्तार करून सांगा.’

प्राचार्या : अरे देवा.

बाई : तो पाय जुळवून उभा. घाम फुटलेला. तिसऱ्यांदा त्यानं दोन्ही हात जोडले, तर सर वर्गाला म्हणाले, ‘याला म्हणतात नम्रता. शिका याच्याकडून.’ मग वर्ग फुटला, मॅडम. पोरं बाकांवर लोळायची बाकी. सरांचा चेहरा लाल. मला वाटलं, आता हे काहीतरी बोलून बसणार, मुलाचं आणि स्वतःचं वाटोळं करणार. म्हणून शिट्टी मारली. पोरगा तेवढ्यात सुटला. दारातून बाणासारखा गेला.

प्राचार्या : सर, हे काय चाललंय? तुम्ही मुलाची थट्टा केलीत? मी तुम्हाला एक संधी दिली होती. लेखी काही मागितलं नाही, चौकशी लावली नाही. तुमचा मान ठेवून...

बाई : मॅडम, थोडं इकडून बोला. त्यांच्या समोरून.

सर : राहू द्या, बाई. मी सांगतो. मॅडम, मी थट्टा केली नाही. तो काय म्हणाला ते मला ऐकूच आलं नाही. मला ऐकू येत नाही.

प्राचार्या : म्हणजे?

सर : म्हणजे मी बहिरा होत चाललोय. बाईंनी पहिल्याच तासाला पकडलं. आणि हे मी आता सबंध वर्गाला सांगून आलोय, तेव्हा तुमच्यापासून लपवून काय उपयोग?

प्राचार्या : वर्गाला सांगितलंत?

सर : शिट्टी वाजली आणि सगळे गप्प झाले. तेवढ्यात ती खिडकीजवळची मुलगी उभी राहून काहीतरी बोलत होती. मला नुसते ओठ दिसत होते. आणि माझ्या जिभेवर आलं होतं, ‘कुणालाच येत नाही?’ रोजचंच वाक्य. पण त्या दिवशीचं मांजर आठवलं. मी तिच्या बाकाजवळ गेलो आणि म्हटलं, ‘बेटा, पुन्हा सांग. मोठ्यानं सांग. मला कमी ऐकू येतं.’

बाई : वर्गात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती.

सर : मला नसती आली.

प्राचार्या : मग काय म्हणाली ती?

सर : तिनं उत्तर सांगितलंच नाही, मॅडम. माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘सर, म्हणजे माझी उत्तरं चुकत नव्हती?’ सत्र सुरू झाल्यापासून ती उत्तरं देत होती. बरोबर उत्तरं. आणि प्रत्येक वेळी मी वर्गाला सांगत होतो, कुणालाच येत नाही. तिला वाटलं, आपल्यालाच येत नाही. या मुलीनं घरी सांगून टाकलं होतं की हा विषय सोडते, माझं डोकं चालत नाही यात. मला उद्धट म्हटलेलं चालत होतं, मॅडम. मी ते पत्करलंच होतं. पण तिचं डोकं चालत नाही, हे मी तिला शिकवलं. मला लाज वाटते.

बाई : मग त्यांनी तिला सांगितलं की, तुझी सगळी उत्तरं सांग पुन्हा, पहिल्यापासून. आणि मग सगळ्यांनाच आपापली सांगायची होती. तो आरडाओरडा म्हणालात ना, तो हाच. पोरं सरांच्या कानाशी येऊन ओरडत होती. तर्कशास्त्र ओरडत होती, मॅडम! मी इतकी वर्षं मैदानावर घसा फोडतेय, माझ्या पोरी एवढ्या ओरडल्या नाहीत कधी.

सर : मला सगळं ऐकू आलं. एक मुलगा तर इतकं चुकीचं बोलला! पण काय मजा आली त्याला समजावताना. किती दिवसांनी कुणाशी तरी वाद घातला मी. तेव्हा मॅडम, आता तुमचा निर्णय सांगा. गठ्ठे बांधायचे तर बांधतो. फक्त हे सत्र पुरं करू द्या.

प्राचार्या : बाई, ते बूट जरा बाजूला करता? मला बसायचंय.

बाई : बसा. हा चेंडू घ्या मांडीवर, जागा नाही ठेवायला.

प्राचार्या : सर, ऐकू येतंय का इथून?

सर : येतंय. समोर आहात.

प्राचार्या : वर्ग तुमच्याकडेच राहील. पण या आठवड्यात कान दाखवून यायचं, आणि डॉक्टर सांगतील ते यंत्र लावायचं. दिसलं तर दिसू दे. चष्मा लावता तेव्हा कुणी हळहळतं का? मला वाटत होतं, सरांना आता कुणाचं ऐकायचंच नाही. आणि ज्याला ऐकायचं नाही त्याच्या हाती मुलं द्यायची नाहीत, एवढंच माझं म्हणणं होतं. ऐकू न येणं वेगळं. त्याला इलाज आहे.

सर : यंत्र लावतो. उद्याच जातो.

बाई : मी घेऊन जाते त्यांना. डॉक्टरांकडेही काहीतरी तर्क लढवतील, नाहीतर.

प्राचार्या : आणि बाई, बाकांमधून फिरायचं, एकाचं म्हणणं दुसऱ्यानं सांगायचं, हे तुम्हाला कुठून सुचलं? इतरांनाही सांगायला हवं ते.

बाई : पोरींना पास द्यायला शिकवते तेच आहे. एकटीनंच बॉल धरून बसायचं नाही.

सर : मॅडम, तुम्ही अजून काहीतरी बोलणार होतात. चेंडू नुसता फिरवताय हातात. वर्गात असताना बोटांत पेन्सिल फिरवायचात, तेव्हा तुमच्या मनात प्रश्न असायचा.

प्राचार्या : काही नाही. जाऊ द्या.

सर : नाही, विचारा. मला आता फार भीती वाटते हो. कुणाकुणाला मी उत्तर दिलं नसेल, देव जाणे.

प्राचार्या : मला नाही दिलंत.

सर : तुम्हाला? कधी?

प्राचार्या : मी प्राचार्य म्हणून रुजू झाले त्या दिवशी. सकाळीच. जिन्यात तुम्ही खाली येत होतात, मी वर जात होते. मी थांबले आणि तुम्हाला काहीतरी विचारलं. तुम्ही खाली बघत सरळ निघून गेलात. मागे वळलासुद्धा नाहीत.

बाई : कप्पाळ माझं!

प्राचार्या : मला वाटलं, सरांना पटलेलं नाही. आपली विद्यार्थिनी आपल्या डोक्यावर आली, ते त्यांना आवडलेलं नाही. त्या दिवशी मी केबिनचं दार लावून रडले, सर. आणि त्यानंतर तुमच्याशी कामापुरतंच बोलले. तक्रार आली तेव्हा, खरं सांगू, मला थोडं बरंही वाटलं होतं.

सर : मॅडम, शप्पथ सांगतो, मी तुम्हाला पाहिलंही नसेल. पायऱ्या बघून उतरतो मी. कान गेल्यापासून तोलही जातो जरा. तुम्ही प्राचार्य झालात तेव्हा घरी मी हिला म्हटलं होतं, माझ्या पहिल्या बाकावरची आहे ती. शेजाऱ्यांनाही सांगून आलो होतो.

बाई : आणि खुद्द मॅडमना सोडून सगळ्यांना!

सर : काय विचारलं होतंत?

प्राचार्या : आता काय त्याचं?

सर : विचारा हो. माझ्यासाठी तो प्रश्न आजच आलाय.

प्राचार्या : घाबरले होते मी. जिन्यात तुम्ही दिसलात आणि पटकन तोंडातून गेलं. ‘सर, मला जमेल ना हे?’

बाई : सर, ऐकू आलं ना? की मी सांगू मोठ्यानं?

सर : आलं. पोरी, जमतंय की तुला! छान जमतंय!

प्राचार्या : सर, हळू. बाहेर मुलं उभी आहेत, ऐकू जाईल.

सर : जाऊ दे.